गोवर्धनाचं जुनं इंग्रजी

कुंतीनं भावाला पाठवलं होतं पलंग आणायला. तो घेऊन आला बुक.

समुद्रापलीकडच्या ऊसमळ्यांच्या बेटावरची, एक्कावन्न सालची गोष्ट. व्हाकोआला एक इंग्रज इंजिनियर बाडबिस्तरा आवरून विलायतेला चालला होता आणि त्याच्या घरचं सामान लिलावात निघालं होतं. कुंतीची कंबर तेव्हाच उसाच्या शेतात वाकून वाकून कामातून गेली होती. जमिनीवरून उठायचं म्हणजे रोज सकाळी देवाचं नाव आणि मळ्याच्या मॅनेजरचा उद्धार, दोन्ही एका दमात व्हायचं. म्हणून तिनं गाठीशी होतं ते सगळं धाकट्या भावाच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, साहेबाचा लोखंडी पलंग येतो का बघ. गोवर्धन संध्याकाळच्या बसनं गावी, सें पिएरला, उतरला तो पोटाशी काहीतरी धरून, बाळंतीण पोर धरते तसं. हे एवढं जाडजूड बुक. बुरशीचा वास मारत होतं.

"बाय, यात इंग्रजांचे सगळे शब्द आहेत," तो म्हणाला. "जुने, मेलेलेसुद्धा. प्रत्येक शब्द कुठून आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं छापलंय."

"मेलेल्या शब्दांचं मी काय करू?" कुंती म्हणाली. "त्यांच्यावर झोपू?"

गोवर्धन हसला. त्याला वाटलं बहिणीनं विनोद केला. त्या दिवसापासून कुंती भावाला तोंडावर शहाणा म्हणायची आणि पाठीमागेही शहाणाच म्हणायची, फक्त सूर बदलायचा.

तसा तो तिनंच वाढवलेला. आई गेली तेव्हा गोवर्धन चार वर्षांचा, कुंती बारा. बाप ऊस तोडून आला की थेट बाटलीशी बोलायला बसायचा. कुंतीनं साखरेच्या कोठीवर, म्हणजे गोऱ्यांच्या ऊसमळ्यावर, निंदणी केली, खत वाहिलं आणि पोराला सहावीपर्यंत शिकवलं. पुढं तो मास्तरकीच्या परीक्षेला तीनदा बसला आणि तीनदा आपटला. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणायचा, परीक्षकालाच इंग्रजी येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

लग्नाचंही तसंच. त्रियोलेकडचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. आपली पसंती यानं मुलीच्या बापाला इंग्रजीत कळवली. बापानं तो कागद उलटसुलट पाहिला, एवढा लांबलचक म्हणजे नकारच असणार असं ठरवलं आणि मुलगी दुसरीकडे देऊन टाकली.

मग त्यानं चिनी माणसाच्या लाबुतिकच्या, म्हणजे दुकानाच्या, ओट्यावर टेबल टाकलं, मागची दगडी खोली राहायला घेतली आणि लोकांचे अर्ज लिहायला लागला.

आता सें पिएरच्या लोकांची अक्कल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तिथं आधीपासून एक म्हातारा कारकून अर्ज लिहून द्यायचा. साधं लिहायचा. शेतात पाणी शिरतं, नाला दुरुस्त करा. लोकांना ते वाचून दाखवलं की लोक तोंड वाकडं करायचे. एवढं तर आमचं आम्हालाही ठाऊक होतं, याला कशाला द्यायचं? अर्ज कसा पाहिजे? ज्याचा आहे त्याला एक अक्षर कळता कामा नये. भटजी संस्कृतात बोलतो म्हणून देव कान देतो. मराठीत बोलला तर देव म्हणेल, हे आपलंच पोर आहे, थांबेल जरा. तोच न्याय यांनी सरकारला लावला. जितकं कळत नाही तितकं पावतं.

अशा गावाला गोवर्धन मिळाला म्हणजे काय विचारता! बिचारा कारकून वर्षभरात घरी बसला. गोवर्धनाच्या टेबलासमोर रांग लागली. कुणी कोंबडी आणी, कुणी दुधी, कुणी रमची बाटली. तो अर्ज लिहून झाला की उभा राहून मोठ्यानं वाचायचा, आणि मधेच एखादा अगडबंब शब्द आला की रांगेतली माणसं एकमेकांकडे बघून माना हलवायची. हा बसणार बरोबर, असं म्हणायची. शब्द होता की कुऱ्हाड, कोण जाणे.

त्याची कीर्ती मात्र झाली नळामुळे. त्रेपन्न साली हरिलाल गाडीवानानं आपल्या गल्लीत नळ मागणारा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला आणि तीन आठवड्यांत नळ आला. गावानं गोवर्धनाच्या गळ्यात हार घातला. नळाच्या लोखंडी नळ्या अर्जाच्या आधी महिनाभर रस्त्याकडेला येऊन पडल्या होत्या. कुंती रोज त्यांना ओलांडून शेतावर जायची, एकदा ठेच लागून पायाचं नखही गेलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तिनं हे हरिलालला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला भावाचं चांगलं बघवत नाय."

त्याच हरिलालला गोवर्धन एकदा सगळ्यांसमोर ‘लिकस्पिटल’ म्हणाला. हरिलाल खूश झाला. कागदावर लिहून दे म्हणाला, घरी दाखवतो.

"म्हंजे काय रे?" कुंतीनं नंतर विचारलं.

"मोठ्या माणसाची थुंकी चाटणारा," गोवर्धन म्हणाला. "शब्दातच आहे बघ, चाटणं आणि थुंकी."

"मंग त्याला मराठीत सांग की."

"मराठीत सांगितलं तर मारील."

हे असं होतं त्याचं शौर्य! दुकानासमोर रोज बातम्या चघळत बसणाऱ्या टोळक्याला त्यानं ‘क्विडनंक’ नाव दिलं होतं. मूळ लॅटिन, तो सांगायचा, म्हणजे ‘आता काय?’ जो जाईल तिथं आता काय, आता काय विचारत फिरतो तो क्विडनंक. टोळक्यानं त्या नावाचा फुटबॉल संघ काढला. कुंतीनं कपाळावर हात मारला. ही गाढवं आणि हा त्यांचा कुंभार, ती म्हणायची, आणि तरी मनातल्या मनात एक गोष्ट तिलाही खुपायची. तिचा भाऊ खोटारडा नव्हता. त्या बुकातला शब्दन् शब्द त्याला पाठ होता. एवढी मेहनत त्यानं कामाच्या गोष्टीवर केली असती तर आज तो मास्तर असता आणि ती पलंगावर झोपली असती.

साठ सालच्या फेब्रुवारीत कारोल आलं. त्या सिक्लोनचं, चक्रीवादळाचं, वर्णन करायला नको. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. कुंती आणि तिची सतरा वर्षांची मुलगी चंद्रिका शाळेच्या इमारतीत बसून होत्या. नवरा तर कधीच वारलेला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या घराच्या जागी फक्त चूल राहिली होती. छपराचं गवत कुठं गेलं, कुडाच्या भिंती कुठं गेल्या, पत्ता नाही. पाटा तेवढा शेजारच्या उसात सापडला. गोवर्धनाच्या दगडी खोलीची कौलंसुद्धा हलली नाहीत आणि बुकाला पाण्याचा थेंब लागला नाही.

मायलेकींनी इकडचे तिकडचे पत्रे गोळा केले आणि कोठीच्या जमिनीवर एक खोपट उभं केलं. दुपारी आत भाजून निघायचं आणि पाऊस आला की भांडी मांडून बसायचं. मॅनेजरनं बजावलं, पुढच्या वर्षीचा ऊस तुटेपर्यंत राहा, मग ही जागा मला पाहिजे. म्हणजे पावणेदोन वर्षं, त्यापुढं रस्ता.

तेवढ्यात सरकारनं जाहीर केलं की ज्यांची घरं गेली त्यांना सिमेंटची पक्की घरं बांधून देणार. त्यासाठी राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या, एका कचेरीत खिडकीवर फारम द्यायचं. एका पानाचं फारम. नाव, गाव, घरात माणसं किती, घराचं काय झालं. खिडकीवरचा कारकून फारम घेणार, वहीत नाव चढवणार आणि नंबराची चिठ्ठी देणार. चंद्रिका सहावी पास होती. तिनं फारम आणलं, पत्र्याच्या खोपटात उकिडवी बसून अर्धं भरलंसुद्धा.

आणि इथंच कुंतीची मती फिरली. ज्या बाईनं नऊ वर्षं गावाच्या अकलेला नावं ठेवली, तीच बाई ते फारम हातात घेऊन बघत बसली. चार ओळी! घर गेलं, संसार गेला, कंबर गेली, आणि कागदावर चार ओळी? शेतावरच्या बायका तिला म्हणाल्या, "सख्खा भाऊ एवढा मोठा अर्जवाला आणि तू फारम भरतेस? आयो! लोक काय म्हणतील?" कुंतीला आतून वाटलं की असेल, अवघड इंग्रजीत काहीतरी असेलच. इतकी माणसं उगाच कोंबड्या देतात का? शिवाय तिनं त्याला वाढवलं होतं. आयुष्यात एकदा तरी त्या खर्चाचं काहीतरी परत यावं, असं तिला वाटलं. ती फारम घेऊन ओट्यावर गेली.

गोवर्धनानं फारम पाहिलं आणि दोन बोटांत धरून बाजूला केलं. "बाय, हा ढोरं मोजायचा कागद आहे. माझी बहीण यात मावणार नाही." त्यानं त्याची चौघडी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवली. चंद्रिका काही बोलायला गेली तर कुंतीनंच तिला गप्प केलं. हे नंतर तिला जन्मभर आठवत राहिलं.

अकरा दिवस तो लिहीत होता. रोज संध्याकाळी झालेला भाग वाचून दाखवायचा. अर्धं गाव ओट्यासमोर उकिडवं बसायचं, कीर्तनाला बसावं तसं.

अर्जाची सुरुवात होती ‘वेलअवे!’

"हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज रडताना असं म्हणायचे," त्यानं फोड केली. "दुःख, बघा हो, दुःख."

"आता नाय रडत?" हरिलालनं विचारलं.

"आता ते दुसऱ्यांना रडवतात," कुंती म्हणाली. लोक हसले. गोवर्धनानं पुढं वाचलं. मी गोवर्धन ‘इक्लेप्ट’. म्हणजे गोवर्धन नावाचा. एके काळी सगळं इंग्लंड असं म्हणायचं.

"आणि आता कोण म्हणतंय?"

"आता कुणीच नाही," तो अभिमानानं म्हणाला.

"म्हंजे तू मेलेल्या साहेबांना अर्ज लिवतोस," कुंती म्हणाली. "जित्या साहेबाला कोण लिवणार?" पण तिचं कोण ऐकतंय! पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला आलं ‘टटरडेमालियन’. म्हणजे लक्तरं नेसलेली. शब्दाचा पुढचा भाग चिंध्यांचा, मागचा भाग कुठून आला हे विलायतेतल्या पंडितांनाही ठाऊक नाही, असं गोवर्धन डोळे मोठे करून सांगत होता. कुंती ताडकन उठली.

"लक्तरं? माजं लुगडं फाटकं असंल, पण मी रोज धुते. सरकारला जाऊन सांगणार का, माजी भैन भिकारीण हाय म्हणून?"

"बाय, तो अलंकार आहे."

"अलंकार असला तर तुज्या गळ्यात घाल!"

पण शब्द राहिला. मग आला ‘एस्टोव्हर’, आणि हा गोवर्धनाचा हुकमाचा पत्ता होता. त्यानं सांगितलं की जुन्या काळी इंग्लंडात गरीब कुळाला जमीनदाराच्या रानातून घर दुरुस्त करायला लाकूड नेण्याचा हक्क होता, त्या हक्काचं हे नाव. शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘गरज असणं’. घर हा सरकारचा उपकार नाही, माझ्या बहिणीचा हक्क आहे, असं मी सिद्ध केलंय, तो म्हणाला. एवढं एक मात्र कुंतीला पटलं. तिला बरंसुद्धा वाटलं. पण तोंडानं ती म्हणाली, "आमी कोठीच्या रानातनं लाकूड आणलं की मॅनेजर पोलीस बोलावतो. त्याला हा शब्द शिकव आधी."

घर ‘एफ्टसून्स’ द्यावं, म्हणजे लवकर, अशी विनंती होती आणि शेवटी आभार होते, ‘ग्रामर्सी’. हा शब्द त्यानं उच्चारला आणि समजावायला तोंड उघडलं तोच कुंती म्हणाली, "ग्रां मेर्सी. मोठे आभार. आपल्या क्रेओल बोलीत भाजीवालीसुद्धा बोलते रोज, त्याला बुक कशाला पाहिजे?" बुकात अगदी तेच दिलं होतं. बिनशिकलेल्या बहिणीला एक शब्द बुकाशिवाय कळला हे गोवर्धनाला आवडलं नाही. त्यानं घाईघाईनं पान उलटलं.

अर्ज घेऊन तो स्वतः पोर्ट लुईला गेला. खिडकीवरच्या रांगेत तो उभा राहिला नाही. खिडकी फारमवाल्यांसाठी! तो थेट जिना चढून कचेरीच्या इंग्रज साहेबाच्या खोलीत गेला. साहेबानं पहिली ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग असा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोवर्धनाला वाटलं, गहिवरला. साहेबानं त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि हात हातात घेऊन निरोप दिला. गोवर्धन परतला तो लग्न लागलेल्या नवरदेवासारखा. तीन दिवस गाव त्याला चहाची चव विचारत होतं.

"नंबराची चिठ्ठी?" चंद्रिकेनं विचारलं.

"चिठ्ठी खिडकीवर मिळते," मामा म्हणाला. "मी वर गेलो होतो."

मग वाट बघणं सुरू झालं. सहा महिने गेले, आठ गेले. वर्ष उलटलं आणि गावाबाहेर सिमेंटच्या घरांची ओळ उभी राहिली. त्यातलं एक हरिलालला मिळालं. नळासाठी गोवर्धनाच्या पाया पडणारा हरिलाल! घराच्या वेळी पठ्ठ्यानं मुकाट फारमवर अंगठा उठवला होता आणि चिठ्ठी पागोट्यात खोचून घरी आला होता. कुंती त्याच्या घराला हात लावून आली. भिंत थंडगार होती. तिनं भावाला विचारलं तर तो म्हणाला, "मोठा कागद आहे, बाय. लंडनला जाऊन येत असेल. त्यांना एकेक शब्द बघायला वेळ लागतो."

"घर बांधायला शब्द कशाला बघतात? सिमेंट बघतात!"

पण तिनं वाट बघितली. काय करणार? एकसष्ट सालचा ऊस उभा होता, वाढत होता, आणि तो तुटला की खोपट जाणार होतं. रोज शेतावर जाताना ती उसाची उंची बघायची. जन्मभर ज्या उसाची वाढ व्हावी म्हणून राबली, त्याच्याबद्दल आता ती मनात म्हणायची, वाळून जा मेल्या.

तोडणीला सुरुवात झाली आणि त्याच आठवड्यात गोवर्धनाला पत्र आलं. साहेबाचं! पाकिटावर विलायतेचा शिक्का. गोवर्धनानं ते ओट्यावर उभं राहून इंग्रजीत वाचलं, सगळ्या गावाला पेढे वाटले, दुसऱ्याच दिवशी काच बसवून आणली आणि टेबलामागच्या भिंतीवर पत्र टांगलं. लोक काचेला नमस्कार करायला लागले. कुंती शेतावरून आली, हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "घर मिळालं का?"

"बाय, साहेबानं काय स्तुती केलीय! बावीस वर्षांच्या नोकरीत असा कागद—"

"घर मिळालं का?"

गोवर्धन घुटमळला. कुंतीनं चंद्रिकेला पुढं केलं. "तू वाच. मराठीत सांग. न्हाईतर क्रेओलमध्ये सांग, पन नीट सांग."

चंद्रिकेनं काचेतून बोट फिरवत हळूहळू अर्थ लावला. साहेब लिहीत होता की तो आता नोकरीतून निवृत्त झाला आहे. बावीस वर्षांत त्याला आलेला हा सर्वांत सुंदर अर्ज. कचेरीच्या फायलीत तो धूळ खात पडावा हे त्याला सहन होईना, म्हणून तो येताना सोबत घेऊन आला.

"थांब," कुंती म्हणाली. "सोबत? विलायतेला?"

"हो."

"मंग हिथं कचेरीत काय ऱ्हायलं?"

क्विडनंक संघातलं एक पोरगं हसायला लागलं आणि बापानं त्याला टपली मारली. चंद्रिका पुढं वाचत होती. घरी पाहुणे आले की साहेब तो अर्ज मोठ्यानं वाचतो आणि सगळे पोट धरून हसतात, फार आनंद होतो. मग ती अडखळली. शेवटची ओळ गोवर्धनानं पेढे वाटताना वाचलीच नव्हती.

"सांग," कुंती म्हणाली.

"साहेबाच्या बायकोला एक शंका आहे. ती विचारते, ती बहीण खरंच आहे, की हे शब्द वापरता यावेत म्हणून मामानं ती रचली?"

शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. कुंतीनं भावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून टाकाचं टोक पुसत होता.

"सगळे शब्द ओळखले त्यानं, बाय," तो हळूच म्हणाला. "एकही अडला नाही त्याला. दहा वर्षांत पहिला माणूस."

कुंतीला संताप आला. आणि त्या संतापात तिला त्याची दयाही आली. सगळं गाव डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि याचं बोलणं कळणारा एक माणूस याला दहा वर्षांत भेटला, तोही हसायला! दया आली म्हणून तिला स्वतःचाच जास्त राग आला. तिनं कोयता उचलला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पहिल्या बसनं पोर्ट लुईला गेल्या आणि खिडकीवर उभ्या राहिल्या. कारकुनानं वही काढली. के अक्षर बघितलं, मग सें पिएरची पानं बघितली. नाव नव्हतं. अर्ज कधी केला होता? गेल्या वर्षी. चिठ्ठी? चिठ्ठी नाही. मग अर्जच नाही, तो म्हणाला, आणि यादी तर गेल्या वर्षीच्या जूनलाच बंद झाली. वाईट बोलला नाही तो. त्यानं फक्त वही मिटली.

"फारम भरलं असतं तर?" चंद्रिकेनं विचारलं.

"विधवा, एक मुलगी, घर पूर्ण गेलेलं?" कारकून म्हणाला. "पहिल्या ओळीत असता."

सें पिएरला उतरल्यावर कुंतीनं खोपटाकडे वळायचंसुद्धा टाळलं. चंद्रिकेला पाठवून पाटा, दोन पातेली आणि गोधड्या आणवल्या आणि सरळ गोवर्धनाच्या दगडी खोलीत संसार मांडला. त्याची वळकटी उचलून ओट्यावर टाकली. बुक उचललं, जड होतं, तेही वळकटीवर ठेवलं. गोवर्धन दारात उभा राहून बघत होता.

ओट्यासमोर रांग होती. आज नेहमीपेक्षा दुप्पट. गावात बोलबाला झाला होता की गोवर्धनाचा अर्ज साहेबानं विलायतेला नेला. एक म्हातारा कोंबडी काखेत मारून सांगत होता, "माजाबी तसाच लिव. विलायतेला जाईल असा." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण या अख्ख्या गावाचेच बैल रिकामे होते. कुंतीनं त्या म्हाताऱ्याला बाजूला सारलं आणि टेबलासमोर जाऊन बसली. गिऱ्हाइकाच्या जागेवर ती पहिल्यांदाच बसली होती.

"कागद घे," ती म्हणाली. "साहेबाच्या बायकोला उत्तर लिव. साधं लिव. भैन खरी हाय. तिला घर मिळालं नाय. भावाच्या खोलीत ऱ्हाते. बस."

गोवर्धनानं टाक दौतीत बुडवला आणि कागदावर वाकला. त्यानं टाक टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. कपाळावर घाम आला. कुंती बघत राहिली. तिला वाटलं, रडतोय की काय. मग त्यानं मान वर केली आणि त्याचे डोळे चमकत होते.

"बाय," तो म्हणाला, "‘राहते’ला एक फार जुना शब्द आहे. फ्रेंच लोक इंग्लंडात यायच्या आधीचा—"

कुंतीनं त्याच्या हातातला टाक काढून घेतला आणि चंद्रिकेच्या हातात दिला. चंद्रिकेनं उभ्या उभ्याच लिहिलं, खाली आईचं नाव घातलं आणि कागदावर फुंकर मारली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.